चौकशी आणि विचारपूस

‘चौकशी’ आणि ‘विचारपूस’ हे आपल्या भाषेतील दोन नित्याचे शब्द. मुळात दोहोंचा अर्थ प्रश्न करणे एवढाच. परंतु व्यवहारात आपण त्यांना निरनिराळ्या जागी बसवितो. चौकशी करावयाची ती कागदाची, किमतीची, अधिकाराची. विचारपूस करावयाची ती माणसाची, त्याच्या झोपेची, त्याच्या जेवणाची. चौकशी करणारा उंबऱ्याबाहेर उभा असतो आणि विचारपूस करणारा ओसरीवर येऊन बसलेला असतो, असे म्हटले तरी चालेल. पहिलीत थोडा संशय असतो अशी आपली समजूत आहे, दुसरीत जिव्हाळा असतो अशी खात्री आहे. आणि म्हणूनच सुसंस्कृत मनुष्य विचारपूस करतो, चौकशी करावयास मात्र संकोचतो. हा संकोच खरोखरच सुसंस्कृतपणाचे लक्षण आहे काय, असा प्रश्न मला गेल्या वर्षापर्यंत कधी पडला नव्हता. तो पडला एका दातामुळे.

फोंडा तालुक्यातील आमच्या गावी देवळाच्या अग्रशाळेच्या पायरीवर सायंकाळी पाचसहा मंडळी जमतात. मास्तर हे त्या मंडळीत वयाने सर्वांत वडील. मराठी प्राथमिक शाळेत त्यांनी आयुष्य घालविले. मलाही अक्षरे गिरवून दिली ती त्यांनीच. पत्नी निवर्तली, एकुलता एक मुलगा बडोद्यास नोकरीला. चतुर्थीचे दिवस सरल्यावर मास्तर सकाळचा कडक उंडा चहात बुडवून खाऊ लागले. पुढे उंडा सुटला आणि दोन्ही वेळांना पेज आली. बोलताना ते मध्येच थांबत आणि उजव्या गालावर हात ठेवीत. हे सर्व आम्ही पाहत होतो. एकदा मी विचारलेही, ‘‘मास्तर, दात दुखतो काय?’’ ते हसून कोकणीत म्हणाले, ‘‘दांतच मरे तो!’’ दातच तर आहे, त्याचे एवढे काय, असा त्याचा भाव. आणि बोलणे पंचायतीच्या निवडणुकीकडे वळले. मी विचारपूस केली होती. माझे कर्तव्य माझ्या मते पुरे झाले होते.

माघातील जत्रेला बेळगावकडील त्यांची भाची आली. एका जेवणात तिच्या ध्यानात आले ते आमच्या चारपाच महिन्यांच्या सायंकाळांत ध्यानात आले नव्हते, किंवा आले असूनही आम्ही बोललो नव्हतो.

‘‘मामा, तोंड उघडा पाहू.’’

‘‘काही नाही ग. दाढ तुटली आहे, ती लागते कधी कधी.’’

‘‘उघडा म्हणते ना!’’

तुटलेल्या दाढेच्या टोकाला लागून जिभेच्या कडेवर एक व्रण होता. तो किती दिवसांचा, असे तिने विचारले तेव्हा मास्तर बोटे मोजू लागले आणि चौथ्या बोटाशी थांबले. ती बोटे आठवड्यांची नव्हती, महिन्यांची होती. तोंडातील व्रण दोन आठवड्यांत भरून आला नाही, तर तो जाणकाराला दाखवावा, ही गोष्ट दंतवैद्यकात बाळबोध समजली जाते. मुळाक्षरे शिकविणाऱ्या माणसाला हे मुळाक्षर कोणी शिकविले नव्हते.

त्या रात्री दोन प्रश्न उभे राहिले. जवळचा आणि भरवशाचा दंतवैद्य कोण? आणि मास्तरांचे नाव कोठल्या विम्याच्या यादीत आहे की नाही? गावातील आम्ही सारे शहाणे लोक. पण या दोन्ही प्रश्नांचे नेमके उत्तर आमच्यापैकी एकाजवळही नव्हते.

मास्तर इतके दिवस का गेले नाहीत, हे त्यांनी मला पुढे सावकाश सांगितले. तालुक्याच्या गावी दंतवैद्यांच्या पाट्या अनेक आहेत. पण अनोळखी शिकलेल्या माणसाला ‘तुमची पदवी कोणती, खर्च किती’ असे विचारणे त्यांना अपमानास्पद वाटले. त्याचा नव्हे, स्वतःचा अपमान. ‘‘विचारले म्हणजे संशय घेतला, आणि संशय घेतला म्हणजे आपण हलके ठरलो,’’ असे ते म्हणाले. विम्याविषयी त्यांची समजूत अशी की, दात काही विम्यात बसत नाही. शिवाय आपले नाव त्या कागदावर चुकीचे लिहिलेले आहे. आणि याविषयी मुलाला विचारावे तर तो म्हणेल, बाबांना पैसे हवे आहेत. येथे अज्ञान होतेच. परंतु अज्ञानापेक्षाही बलवत्तर असे काही होते, आणि ते म्हणजे त्यांचे सौजन्य. सौजन्यामुळे मनुष्याच्या जिवाला धोका उत्पन्न होत असेल, तर त्या सौजन्याची आपण एकदा नीट तपासणी केली पाहिजे.

चौकशी म्हणजे अविश्वास, ही समजूत आपल्यात आली कोठून? मला वाटते, ती जुन्या गावातून आली. तेथे चौकशीची गरजच नव्हती. गावात दुखरा दात उपटून देणारा कोणी ना कोणी असेच. त्याच्याजवळ प्रमाणपत्र नव्हते, पण तो पळून जाऊ शकत नव्हता. त्याचा बाप तुमच्या बापाला ठाऊक असे. त्याने हयगय केली तर दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर त्याची चर्चा होई. त्याची फेडही एकेका कामागणिक होत नसे. महाराष्ट्राच्या गावगाड्यात प्रत्येक घराने सुगीच्या वेळी बलुतेदाराला आपल्या धान्याचा वाटा द्यावयाचा आणि वर्षभर गरज पडेल तशी त्याची सेवा घ्यावयाची, अशी रीत होती. गोव्याच्या गावकारीतही देवळाच्या आणि गावाच्या सेवेकऱ्यांना जमिनीचे उत्पन्न लावून दिलेले असे. आधी द्यावे आणि गरज पडेल तेव्हा घ्यावे, हे ज्याला आज आपण विम्याचे तत्त्व म्हणतो ते येथे धान्याच्या रूपाने वावरत होते.

त्या व्यवस्थेचे गुणगान करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. ती जातीने बांधलेली होती. देणाऱ्याचा मान आणि घेणाऱ्याचा अवमान तिच्यात जन्मानेच ठरलेला असे. गावकुसाबाहेरच्या मनुष्याच्या दातदुखीला त्या गावात किती मोल होते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणजे यादी तेव्हाही होती. फरक इतकाच की, ती कागदावर नव्हती आणि तिच्यात नाव घालून घेण्याचा अर्ज कोणालाही करता येत नव्हता. आज यादी कागदावर आली, तिच्यात जन्माऐवजी अर्जाने प्रवेश मिळू लागला, ही मी मोठीच नैतिक प्रगती मानतो. परंतु या प्रगतीची एक अट आहे. जेथे ओळख संपते तेथे चौकशी सुरू झाली पाहिजे. जुन्या गावातील विश्वास आपण मनात बाळगला आणि नव्या गावातील चौकशी मात्र टाळली, तर आपण दोन्हींचे संरक्षण गमावून बसतो.

दंतवैद्याच्या बाबतीत ही चौकशी करण्याचे साधन समाजाने बरेच पूर्वी निर्माण केले आहे. १९४८ साली आपल्या देशात दंतवैद्यांविषयीचा कायदा झाला आणि प्रांतोप्रांती त्यांच्या नोंदवह्या सुरू झाल्या. त्या कायद्याने नोंदवहीचे दोन भाग केले होते. पहिल्यात मान्य पदवी असलेले. दुसऱ्यात पदवी नसलेले, परंतु कायद्यापूर्वी निदान पाच वर्षे याच व्यवसायावर पोट भरीत असलेले. या दुसऱ्या भागात मला एक प्रकारचा समंजसपणा दिसतो. काल ज्याच्यावर गावाने विश्वास टाकला होता, त्याला आज एकदम भोंदू ठरवावयाचे नाही. परंतु उद्यापासून मात्र विश्वासाचा आधार ओळख हा न राहता विद्या हा राहील, असे त्या कायद्याने सांगितले. २०२३ साली संसदेने त्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत केला. नोंदवहीची कल्पना त्यातही कायम आहे. तेव्हा ‘आपले नाव राज्याच्या नोंदवहीत आहे ना?’ हा प्रश्न दंतवैद्याचा अपमान करणारा नाही. जो प्रामाणिकपणे शिकला आणि ज्याने आपले प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीला लावले, त्याने ते वाचले जावे म्हणूनच लावलेले असते. न वाचता खुर्चीत बसणारा रोगी त्याचा मान राखीत नाही. तो त्याच्यात आणि पाटी रंगवून बसलेल्या तोतयात भेद करावयाचे नाकारतो, एवढेच.

नोंदवही मात्र सगळे सांगत नाही. या मनुष्याला विद्या आहे एवढे ती सांगते. त्याचा हात हलका आहे काय, वाचण्यासारखा दात तो उपटीत तर नाही ना, हत्यारे वाफेच्या यंत्रात नीट शुद्ध करतो काय, काम आणि खर्च आधी लिहून देतो काय, हे ती सांगू शकत नाही. ते शेजारी सांगतो. दंतवैद्य जवळचा असावा असे म्हणतात त्याचे कारण केवळ बसचे भाडे नव्हे. दाताचे काम एका खेपेत क्वचितच पुरे होते. मुळातील नस काढावयाची तर दोनतीन बैठका लागतात. कवळी बसविली तर ती टोचते, घासावी लागते, पुन्हा बसवावी लागते. ज्याच्याकडे आपण वारंवार जाऊ शकतो आणि ज्याला उद्या बाजारात आपले तोंड पाहावे लागणार आहे, असा वैद्य ही अजूनही एक प्रकारची सुरक्षितता आहे. म्हणजे जुन्या गावाची ओळख सर्वस्वी निकामी झालेली नाही. आधी नोंदवही पाहावी आणि मग शेजाऱ्याला विचारावे. केवळ शेजाऱ्याला विचारून जाणारा भाबडा, आणि केवळ नोंदवही पाहून जाणारा अर्धवट.

आता दुसऱ्या यादीकडे वळू. दंतवैद्याचे नाव एका वहीत असले पाहिजे, तसे रोग्याचे नाव दुसऱ्या वहीत असले पाहिजे, अशी आजची व्यवस्था आहे. विमा हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे व्यापार येतो. परंतु त्याच्या मुळाशी जी कल्पना आहे ती व्यापारापेक्षा उन्नत आहे. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे प्रत्यक्ष सुरू झालेली कामगारांची राज्य विमा योजना घ्या. तिच्यात वर्गणी पगाराच्या प्रमाणात ठरली. २०१९ साली ती मालकाकडून शेकडा सव्वातीन आणि कामगाराकडून शेकडा पाऊण अशी करण्यात आली. उपचार मात्र पगाराच्या प्रमाणात ठरले नाहीत, ते गरजेप्रमाणे. ज्याने थोडे दिले त्याला थोडे औषध, असे तिथे नाही. हे तत्त्व ज्या मनुष्याने प्रथम कागदावर उतरविले, त्याने धर्मग्रंथातील दयेला हिशेबाच्या वहीत जागा करून दिली, असे मी समजतो.

गोव्यात २०१६ साली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपये अशी मर्यादा ठेवण्यात आली. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, तिची मर्यादा कुटुंबामागे पाच लाखांची. आणि २०२४ च्या ऑक्टोबरात सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, तिचे दार उघडण्यात आले. परंतु दार उघडले म्हणजे आपण आत गेलो असे होत नाही. वय झाले म्हणून कार्ड आपोआप घरी येत नाही. ओळख पटवून नाव नोंदवावे लागते. अधिकार असणे आणि अधिकाराची नोंद असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि दुखणे नेमके त्या दोहोंमधील फटीत माणसाला गाठते.

ही फट आमच्या गोव्यात विशेष रुंद आहे. १९६१ पर्यंतची जन्मनोंद पोर्तुगीज वळणाची. तेथे प्रभूचा ‘पोरोब’ झाला, शेणव्याचा ‘सिनाय’, कामताचा ‘कामोतीं’. शाळेच्या दाखल्यावर मराठी वळण आले. पुढे इंग्रजी कागदांवर तिसरेच स्पेलिंग आले. मनुष्य एकच, पण यादी वाचणाऱ्या यंत्राला तो तिघेजण वाटतो, आणि तिघांपैकी एकालाही ते ओळखत नाही. मास्तरांच्या कागदावर हेच झाले होते. दुरुस्तीला दोन आठवडे लागले. हे दोन आठवडे आरोग्य असताना गेले असते तर ती एक कंटाळवाणी खेप ठरली असती; रोग असताना गेले म्हणून ती शिक्षा झाली. आपले नाव यादीत आहे काय, ते बरोबर लिहिले आहे काय, त्याची मुदत सरली तर नाही ना, हे पाहावयाचा काळ दुखण्यापूर्वीचा, हे सांगावयाला तत्त्वज्ञान लागत नाही. पण आचरावयाला मात्र लागते. कारण निरोगी असताना रोगाची तयारी करणे आपल्याला अभद्र वाटते. कागद काढून बसलेल्या म्हाताऱ्याला आपणच म्हणतो, ‘आताच कशाला ते!’

आणि ही फट केवळ नावांची नाही, सीमेचीही आहे. मास्तरांची भाची बेळगावच्या बाजूला एका खेड्यात राहते. त्या प्रदेशातील ८६५ गावांना आपली महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ साली घेतला आणि कर्नाटक शासनाने त्याला हरकत घेतली. या वादात न्याय कोणाच्या बाजूला, हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. मला त्यातून एवढेच दिसते की, यादीला सीमा असतात. यादी म्हटली की तिच्यात कोणी आत आणि कोणी बाहेर राहणारच. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपल्या मंडळींनाही हे ध्यानात ठेवावे लागते. आडनावाचे गाव एका राज्यात असले तरी नोंद मात्र राहत्या राज्यातच असावी लागते. यादी करणाऱ्यावर आपण यासाठी रागावू नये. पण यादी म्हणजे माणुसकीची हद्द, असेही समजू नये.

या याद्यांच्या बाहेर जी वस्तू सर्वांत अधिक वेळा राहते ती म्हणजे दात. हा इतिहास मोठा विलक्षण आहे. १८४० साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे दंतवैद्यकाचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले आणि दात उरलेल्या शरीरापासून वेगळा झाला. आमच्या पणजीत वैद्यकशाळा स्थापन झाली १८४२ साली. दंत महाविद्यालय निघावयास १९८० साल उजाडले. म्हणजे गोव्यात शरीर आणि दात यांच्यामध्ये १३८ वर्षांचे अंतर आहे. इंग्लंडने जुलै १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली तेव्हा दातांवरील उपचार आणि कवळ्या विनामूल्य होत्या. तीन वर्षांच्या आत कवळ्यांवर आकार बसविण्याचे ठरले, आणि ज्याने ती सेवा उभारली त्या अन्यूरिन बेव्हनने त्या कारणावरून १९५१ साली मंत्रिपद सोडले. अमेरिकेत १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर योजना झाली, तिच्यातून नेहमीचा दंतोपचार वगळला गेला. आपल्याकडेही रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होणाऱ्या बहुतेक विमापत्रांत, खुर्चीवर बसून करावयाचे दाताचे काम अपघातावाचून धरलेले नसते. आणि गंमत अशी की, शस्त्रक्रियेतील वेदना हरण करण्याची विद्या वैद्यकाला मिळाली ती एका दंतवैद्याच्याच हातून! १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या रुग्णालयात ईथर देऊन रोग्याला गुंगविणारा विल्यम मॉर्टन हा दातांचाच वैद्य होता.

दात वगळण्याच्या बाजूने युक्तिवाद आहे, आणि तो मूर्खपणाचा नाही. विमा हा अकल्पित संकटासाठी असतो. घराला आग क्वचित लागते. दात मात्र प्रत्येकाचे किडतात, आणि ते किडणार हे आधी ठाऊक असते. जे सर्वांना होणारच त्याचा विमा म्हणजे केवळ आपलेच पैसे फिरवून आपल्याला देणे. शिवाय दात घासणे ज्याच्या त्याच्या हाती आहे. निष्काळजी माणसाचा भार काळजी घेणाऱ्याने का वाहावा? या युक्तिवादाचा पूर्वार्ध हिशेबाच्या दृष्टीने बरोबर आहे. उत्तरार्ध मात्र मला पटत नाही. तोंडाच्या विकारांनी जगातील सुमारे साडेतीन अब्ज माणसे ग्रासलेली आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली नमूद केले. इतक्या माणसांचा आळस हे त्याचे एकमेव कारण असू शकत नाही. साखर स्वस्त झाली, तंबाखू नाक्यानाक्यावर मिळू लागली, पण दाताचा वैद्य मात्र तालुक्याच्या गावापलीकडे आला नाही, यात एकट्या रोग्याचा दोष किती? मास्तरांना पान-तंबाखूची सवय होती, हे मी लपवीत नाही. त्या व्रणात तंबाखूचा वाटा किती, तुटलेल्या दाढेचा किती, असे मी वैद्याला विचारले. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की, एका माणसाच्या बाबतीत असा वाटा काढता येत नाही.

आणि येथे हिशेबाची वही आपल्याच तर्कात अडकते. मास्तरांची दाढ तासून घ्यावयाची, तर ते काम एका बैठकीचे आणि थोड्या रुपयांचे होते; ते विम्यात नव्हते, आणि म्हणून ते केले गेले नाही. तपासणीत तो व्रण कर्करोगाचा ठरला. त्याची शस्त्रक्रिया लाखांच्या घरातली. ती विम्यात होती! दात यादीच्या बाहेर आणि दाताच्या शेजारची जीभ यादीच्या आत. मास्तरांना हे कोणी सांगितले नव्हते. ‘दात बसत नाही’ एवढेच त्यांनी ऐकले होते, आणि तोंडाचे सगळे दुखणे त्यांनी दाताच्या खाती टाकून दिले होते. नुसती चौकशी केली असती, एक प्रश्न पुरे विचारला असता, तर चार महिने वाचले असते.

१७६६ साली इंग्लंडचे न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी विम्याच्या करारासंबंधी एक तत्त्व सांगितले, ते पुढे सर्वत्र मान्य झाले. हा करार परम सद्भावाचा आहे. दोन्ही पक्षांनी ठाऊक असलेले काही लपवावयाचे नाही. मला या तत्त्वाचे नवल वाटते ते असे की, जेथे सद्भाव सर्वांत मोठा हवा तेथेच प्रश्न सर्वांत अधिक विचारावेत, असे ते सांगते. तुमचे वय, तुमचे जुने दुखणे, तुमची सवय, सगळे विचारावे आणि सगळे सांगावे. सद्भाव म्हणजे न विचारणे, असे तेथे कोणी मानीत नाही. आपण घरात, शेजारात, मैत्रीत मात्र नेमके उलटे मानतो.

मास्तरांच्या मुलाचेच पाहा. तो बडोद्याहून दर वर्षी वडिलांच्या विम्याचा हप्ता न चुकता भरीत होता. त्याने कागद सांभाळला. परंतु दूरध्वनीवर ‘बाबा, बरे ना?’ या प्रश्नाला ‘बरे’ असे उत्तर आले की तो समाधानी होई. बडोद्याहून त्याला पेजेचे ताट दिसत नव्हते. आम्हाला ताट दिसत होते, गालावरचा हात दिसत होता. परंतु कागद विचारणे हे आमचे काम नव्हे, असे आम्ही धरून चाललो. त्याने चौकशी केली, आम्ही विचारपूस केली, आणि या दोहोंच्या मध्ये एक म्हातारा मनुष्य चार महिने एका बाजूने पेज पीत राहिला. कोणीही खोटे बोलले नाही. कोणीही कर्तव्यात चुकले नाही, असे आम्हा प्रत्येकाला वाटत होते. मला आज सर्वांत बोचते ते हेच.

म्हणून माझ्या मते या दोन शब्दांना वेगळे ठेवण्याची चैन आपल्याला यापुढे परवडणार नाही. ज्याच्यावर प्रेम आहे त्याचा कागद विचारावा, आणि ज्याचा कागद आपण सांभाळतो त्याचे ताट पाहावे. ‘दात दुखतो काय?’ एवढ्यावर न थांबता, ‘किती दिवस? कोणाला दाखविलेत? त्याचे नाव नोंदवहीत आहे काय? तुमचे नाव यादीत आहे काय? कागद दाखवा पाहू,’ येथपर्यंत जावे. समोरचा मनुष्य रागावेल. ‘हा कोण विचारणारा?’ असे म्हणेल. तो राग सोसणे हा शेजारधर्माचाच भाग आहे. याद्या राज्य करील, योजना शासन आखील, त्यांतील उणिवांविषयी आपण भांडूही. परंतु कोणतीही यादी कोणाच्या तोंडात वाकून पाहत नाही. ते माणसालाच करावे लागते, आणि तो अधिकार आपल्याला कोणी लिहून देणार नसतो.

मास्तर बरे आहेत. जिभेचा थोडा भाग काढावा लागला. आयुष्यभर मुलांकडून शुद्ध उच्चार करवून घेणाऱ्या माणसाच्या तोंडून आता ‘ळ’ नीट उमटत नाही. ते पूर्वीसारखे सायंकाळी अग्रशाळेच्या पायरीवर येऊन बसतात. आणि आल्या-गेल्याला दोन प्रश्न हटकून विचारतात: दात कधी दाखविलेस, आणि कार्डावरचे नाव बरोबर आहे ना? काही जण हसून टाळतात, काहींना ते पिरपिरे वाटू लागले आहेत. परवा शाळेतील एक जुना विद्यार्थी, आता आजोबा झालेला, गाल धरून पुढून चालला होता. मास्तरांनी त्याला थांबविले, कागदाच्या कपट्यावर तालुक्याच्या दंतवैद्याचे नाव लिहून दिले आणि बजावले, ‘‘वेळेवर जा.’’ त्या शब्दातला ‘ळ’ अडखळला. पण त्याला तो नीट ऐकू आला असावा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसला तो उभा होता.